नमुना चुकला की अहवालही चुकला: माती, पाणी आणि वन्यजीवांतले दूषण कसे तपासावे

प्रयोगशाळेच्या खिडकीवर बाटली ठेवून "पाणी तपासून द्या" म्हटले, की पलीकडचा माणूस हमखास विचारतो, "कशासाठी?" बहुतेकांची गाडी तिथेच अडते. "सगळंच तपासा" अशी चाचणी कुठे मिळत नाही. जिवाणूंची चाचणी वेगळी, जड धातूंची वेगळी, कीटकनाशकांची वेगळी. प्रत्येकीची बाटली, नमुना घ्यायची रीत आणि तो पोहोचवायची मुदतही वेगळी. जे विचारलेच नाही त्याचे उत्तर अहवालात येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त भर दिला आहे. शंका नेमकी कशी करायची, नमुना कसा घ्यायचा, अहवालातले आकडे कसे वाचायचे आणि मग काय करायचे, या क्रमाने जाऊ.

पायरी १: जिवाणू की रसायन, हे आधी ठरवा

हा प्रश्न सोडून पुढे गेले की काय होते, हे बांगलादेशाने पाहिले. तळी-डबक्यांतले पाणी पिऊन लहान मुले अतिसाराने दगावत होती, म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे मोठ्या संख्येने कूपनलिका खोदल्या गेल्या. भूजलात जंतू कमी, हे खरेच होते. पण त्या गाळाच्या थरांतले आर्सेनिक पाण्यात उतरत होते आणि त्याची चाचणी कोणी केली नव्हती. १९९३ मध्ये ते उघड झाले. पुढे लाखो कूपनलिका तपासून लाल किंवा हिरव्या रंगाने रंगवल्या: लाल म्हणजे पिऊ नका, हिरवी म्हणजे चालेल.

पाणी उकळले की जिवाणू, विषाणू, परजीवी मरतात. आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड मात्र तसेच राहतात, उलट वाफ उडून गेल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढते. दूषण कोणत्या जातीचे आहे ते कळल्याशिवाय उपाय सुरू केला, तर तो अपायही करू शकतो.

शंका नेमकी करायची तर जागेचा इतिहास काढावा लागतो. जुने नकाशे, जमिनीची कागदपत्रे, शेजारची म्हातारी माणसे यांच्याकडे अर्धे उत्तर असते. मग साधारण असा माग लागतो:

- शोषखड्डा, गोठा किंवा उकिरडा जवळ असेल तर ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) आणि नायट्रेट.
- जुना रंग पोपडे धरून गळणारी इमारत, बॅटऱ्या फोडण्याची जागा, वर्दळीच्या जुन्या रस्त्याची कड: शिसे. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री जगात अखेर २०२१ मध्ये थांबली, पण रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे तिथेच आहे.
- चामडे कमावण्याचा कारखाना असेल तर क्रोमियम. पेट्रोल पंपाची गळकी टाकी असेल तर बेंझिन आणि त्याचे भाऊबंद.
- फार जुनी फळबाग: शिसे आणि आर्सेनिक दोन्ही, कारण डीडीटी येण्यापूर्वी लेड आर्सेनेट फवारले जाई.
- विमानतळ किंवा अग्निशमन सरावाचे मैदान: फेसातून आलेली, सहजी न विघटणारी पीएफएएस रसायने.
- सोने काढण्याच्या छोट्या खाणी: पारा.

काही दूषणांमागे माणूस नसतोच. आर्सेनिक, फ्लोराइड, युरेनियम खडकांतूनच पाण्यात येतात, म्हणून आसपास कारखाना नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

पायरी २: आधी डोळे वापरा

मासे मेले की लगेच "कोणीतरी विष कालवलं" अशी बोंब होते. कधी ते खरे असते, पण बरेचदा पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. सांडपाण्याने शेवाळ माजते, रात्री तेच शेवाळ प्राणवायू खाते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. अशा वेळी सहसा मोठे मासे आधी मरतात. विषारी लोंढा आला असेल तर लहान-मोठे सगळे एकदम, दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतात. सोबत पाणकिडे, झिंगे यांचाही फडशा पडतो. मरण्यापूर्वी मासे गरगर फिरतात, झटके देतात. त्यामुळे मासे मेलेले दिसले की पहिली नोंद वेळेची करा, दुसरी आकारांची, आणि शक्य असेल तर पहाटेच पाण्यातला प्राणवायू मोजा. दुपारपर्यंत तो पुन्हा चढतो आणि पुरावा गेलेला असतो.

ओढ्यातला एखादा दगड उलटा करून पाहणे ही माझ्या मते सर्वांत स्वस्त चाचणी आहे. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या, शेपटीला दोन-तीन लांब धागे असलेल्या मेफ्लाय आणि स्टोनफ्लायच्या अळ्या दिसल्या तर पाण्यात प्राणवायू भरपूर आहे. त्या गायब आणि गाळात फक्त लाल ट्युबिफेक्स कृमी वळवळत असतील, तर सेंद्रिय घाण बरीच आहे. बाटलीतले पाणी एका क्षणाचे असते. हे किडे मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब सांगतात.

प्राण्यांची वागणूकही पाहा. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये माणसांतला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. त्याआधीच तिथली मासे खाणारी मांजरे तोल जाऊन नाचल्यासारखी फिरत होती आणि मरत होती. कारखान्याच्या सांडपाण्यातला मिथिल पारा माशांतून त्यांच्यात पोहोचला होता. भारतीय उपखंडातली गिधाडे मरू लागली तेव्हा मात्र आधी साथीच्या रोगाचा संशय घेतला गेला. प्रत्यक्षात गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००४ मध्ये हे सिद्ध झाले, २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. इथेही प्रश्न तोच होता, जंतू की रसायन.

पायरी ३: पाण्याचा नमुना

सगळ्यात जास्त घोळ याच पायरीवर होतो. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळून पाणी भरले आणि गाडीच्या डिकीत टाकून दोन दिवसांनी पोहोचवले, तर त्या अहवालाचा कागद रद्दीत घालावा. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागून घ्या.

*जिवाणूंसाठी:* निर्जंतुक बाटली लागते. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड किंवा थेंबभर द्रव दिसेल. ते सोडियम थायोसल्फेट असते, पाण्यातल्या क्लोरीनला निष्प्रभ करण्यासाठी. ते धुऊन टाकू नका. नळाला जाळी असेल तर काढा, तोंड पुसून स्पिरिटने किंवा ज्योतीने निर्जंतुक करा, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्या, मग बाटली उघडा. झाकण हातातच खाली तोंड करून धरा, कुठे ठेवू नका. आत बोट, फुंकर, काहीही जाऊ देऊ नका. वर बोटभर जागा सोडा, म्हणजे प्रयोगशाळेत हलवता येते. नमुना बर्फाच्या पेटीत ठेवा, पण गोठू देऊ नका. सहा तासांत पोहोचला तर उत्तम, चोवीस तासांपलीकडे अजिबात नको.

*शिशासाठी* रीत बरोबर उलटी. शिसे बहुधा नळातून, जोडांतून, डाखातून येते, म्हणून रात्रभर पाइपात थांबलेले पाणी हवे. निदान सहा तास नळ उघडायचा नाही आणि पहाटेची पहिलीच धार घ्यायची. इथे दोन मिनिटे पाणी सोडले तर जे शोधायचे तेच वाहून गेले. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि गंजरोधक द्रव्य घातले गेले नाही. नदीचे पाणी शिशाने भरलेले नव्हते. शिसे जुन्या जलवाहिन्यांतून घराघरांत उतरले.

*विहिरीतल्या किंवा बोअरमधल्या आर्सेनिक, फ्लोराइड, युरेनियमसाठी* पुन्हा पाणी वाहू द्यायचे, पंप निदान पाच-दहा मिनिटे चालवून. धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल असते, जेणेकरून धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत; हात सांभाळा आणि बाटली ओसंडू देऊ नका. फ्लोराइड आणि नायट्रेटची बाटली वेगळी, आम्लाशिवाय.

*कीटकनाशकांसाठी* गडद तपकिरी काचेची बाटली. प्लास्टिक ही द्रव्ये शोषून घेते आणि स्वतःची रसायने सोडते. *बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी* ४० मिलिलिटरची छोटी काचेची कुपी काठोकाठ भरायची. झाकण लावून उलटी करा, बोटाने टिचकी मारा; एक बुडबुडा जरी वर आला तरी नमुना नव्याने घ्या, कारण नेमके तेच द्रव्य त्या हवेत निघून जाते. *पीएफएएस* घेताना जलरोधक जॅकेट घालू नका आणि टेफ्लॉनची टेप जवळ आणू नका. ही द्रव्ये लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजली जातात, कपड्यातून आलेला अंशही आकडा फिरवतो.

एक बाटली प्रयोगशाळेच्याच शुद्ध पाण्याने भरून, नमुन्यांच्या जागी उघडून बंद करून सोबत पाठवा. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये दूषण निघाले तर दोष तुमच्या पाण्यात नाही, हाताळणीत आहे. लोक हा खर्च टाळतात आणि नंतर वादात सापडतात.

जिवाणूंचे पाणी कोरड्या दिवसांत एकदा आणि मोठ्या पावसानंतर एकदा तपासावे. कॅनडातील वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोराच्या पावसाने शेणखत उथळ विहिरीत उतरले, क्लोरीन कमी पडले, आणि ई. कोलाय ओ१५७:एच७ मुळे सात माणसे गेली, दोन हजारांहून अधिक आजारी पडली.

पायरी ४: मातीचा नमुना

माती जागोजागी बदलते. त्यामुळे कुठून, किती खोल आणि कशासाठी, या तीन गोष्टी आधी लिहून ठेवा. मुले खेळतात ती जागा असेल तर वरचा दोन ते पाच सेंटिमीटरचाच थर घ्या, कारण तोच हाताला लागून तोंडात जातो. पिकासाठी शून्य ते पंधरा सेंटिमीटर. भूजलाची काळजी असेल तर आणखी खोल, आणि ते काम जाणकारावर सोपवा.

प्लॉटमध्ये नागमोडी चालत पंधरा-वीस ठिकाणी पालापाचोळा बाजूला सारा, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा काढून त्याच्या भिंतीचा सारख्या जाडीचा काप घ्या आणि सगळे काप प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. अवजार स्टेनलेस स्टीलचे हवे. जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरली तर जस्त आणि थोडे कॅडमियम तिथूनच येईल.

या मिश्र नमुन्यात एक खाच आहे. दहापैकी नऊ जागी किलोमागे ३० मिलिग्रॅम शिसे आणि एका जागी १२०० असेल, तर मिश्रणाचा आकडा येतो १४७. कागदावर चिंता वाटत नाही, आणि त्या एका कोपऱ्यात मूल रोज खेळत असते. म्हणून संशयित जागा, म्हणजे भिंतीलगतची पट्टी, जुनी राखेची जागा, रस्त्याकडची कड, यांचे नमुने वेगळ्या पिशवीत घ्या. मातीचा पीएच, म्हणजे ती किती आम्लधर्मी आहे ते, नेहमी सोबत मागा. आम्लधर्मी मातीत कॅडमियम, शिसे, जस्त सुटे होऊन मुळांकडे जातात. आर्सेनिकचे वागणे तसे नसते, ते पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मातीत अधिक सुटते.

पायरी ५: मेलेला प्राणी सापडला तर

हात लावू नका. आधी फोटो, जागा, वेळ, संख्या, कोणत्या जाती, आजूबाजूला आमिषासारखे काही पडले आहे का, एवढी नोंद करून वन किंवा पशुवैद्यकीय विभागाला कळवा. अनेक देशांत वन्य प्राण्याचे शव परवानगीशिवाय उचलणे हाच गुन्हा आहे. विष घातलेले आमिष खाऊन मेलेला प्राणी पुढच्या प्राण्यालाही मारतो, आणि बर्ड फ्लूने मेलेला पक्षी माणसालाही. नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर अँथ्रॅक्सची शक्यता धरा आणि ते शव कोणी फाडणार नाही याची काळजी घ्या: हवा लागली की जिवाणू बीजाणू बनवतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात.

नमुने प्रशिक्षित माणसानेच घ्यावेत, पण काय मागायचे ते माहीत असू द्या. मिथिल पारा स्नायूंत साठतो, कॅडमियम मूत्रपिंड आणि यकृतात, शिसे हाडांत, डीडीटी चरबीत. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाचा संशय असेल तर मेंदूतल्या कोलिनेस्टरेज या विकराची पातळी पाहतात. चरबीत साठणाऱ्या रसायनांसाठी ऊतक ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळतात, धातूंसाठी प्लास्टिकमध्ये. रसायनांसाठी गोठवलेले चालते. रोगनिदानासाठी थंड ठेवायचे, गोठवायचे नाही, कारण गोठल्यावर पेशी फुटतात. पाऱ्यासाठी तर गळून पडलेले पीसही पुरते, प्राण्याला इजा नाही.

पाण्यात जवळपास काहीच नसताना प्राण्यात का शोधायचे? कॅलिफोर्नियातील क्लिअर लेकमध्ये चिलटे मारण्यासाठी १९४९ पासून डीडीडी हे डीडीटीच्या जवळचे कीटकनाशक फवारले. पाण्यात त्याचे प्रमाण साधारण ०.०२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०२ भाग) होते. मासे खाऊन मेलेल्या ग्रीब या पाणपक्ष्यांच्या चरबीत ते १६०० पीपीएम निघाले.

पायरी ६: अहवाल वाचणे

आधी एकक पाहा, मग आकडा. पाण्यात १ पीपीएम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, म्हणजेच १००० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक मूल्ये अशी: आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी लिटरला १० मायक्रोग्रॅम, कॅडमियम ३, युरेनियम ३०, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, नायट्रेट ५० मिलिग्रॅम, ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये शून्य. देशोदेशीची मानके थोडी इकडेतिकडे असतात, आपल्याकडे लागू असलेली पाहावीत.

आता दोन सापळे. पहिला नायट्रेटचा. काही प्रयोगशाळा "नायट्रेट" लिहितात, काही "नायट्रेट-नायट्रोजन". दुसऱ्याला ४.४३ ने गुणले की पहिला आकडा मिळतो. नायट्रोजन म्हणून १५ लिहिले असेल तर ते नायट्रेट म्हणून ६६ आहे, मर्यादेच्या वर. आणि बाटलीतले दूध पिणाऱ्या सहा महिन्यांखालच्या बाळासाठी ते पाणी वापरू नये.

दुसरा सापळा "आढळले नाही" या शब्दांचा. शेजारी शोधमर्यादा, म्हणजे त्या चाचणीला दिसणारे किमान प्रमाण, लिहिलेली असते. आर्सेनिकसाठी ती ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर ०.०४ असलेले, म्हणजे मर्यादेच्या चौपट दूषित पाणीही "आढळले नाही" ठरते. शोधमर्यादा मार्गदर्शक मूल्याच्या बरीच खाली हवी. नमुना देतानाच विचारा.

आणि टीडीएसचे पेन. पाण्यात बुडवून आकडा दाखवणारे हे खेळणे विक्रेत्यांनी फार लाडके केले आहे. ते एकूण विरघळलेले क्षार मोजते, बस्स. अपायकारक आर्सेनिक मायक्रोग्रॅममध्ये असते, ते त्यात दिसत नाही. जिवाणू तर दिसतच नाहीत.

मातीच्या अहवालात किलोमागे मिलिग्रॅम असते, आणि "एकूण" लिहिले आहे की "उपलब्ध" (म्हणजे पिकाला घेता येणारे), ते पाहावे. क्रोमियम आले तर त्याचे विषारी रूप, सहा-संयुजी, किती ते वेगळे विचारा. तीन-संयुजी क्रोमियम त्या मानाने निरुपद्रवी आहे.

पायरी ७: मग काय करायचे

मातीत शिसे निघाले तर घाबरून झाडे उपटू नका. फळांत ते फारसे चढत नाही. मुळे आणि जमिनीलगतची पाने धोक्याची, तीही बहुतांशी चिकटलेल्या मातीमुळे. उघडी माती झाकणे, उंच वाफे करून खाली जाड कापड घालणे, चुन्याने पीएच सातच्या आसपास आणणे, घरात येताना पायताण बाहेर ठेवणे, यांनी बराच फरक पडतो. चायनीज ब्रेक फर्न हे नेचे मातीतले आर्सेनिक ओढून पानांत साठवते, हे २००१ मध्ये कळले. पण त्याला वर्षे लागतात आणि कापलेली पाने घातक कचरा म्हणूनच द्यावी लागतात; ती जाळली किंवा खतात टाकली तर सगळे मुसळ केरात.

पाण्यात आर्सेनिक, नायट्रेट, फ्लोराइड असेल तर दुसरा स्रोत शोधणे हा पहिला पर्याय. गाळणी घ्यायचीच तर त्या द्रव्यासाठी प्रमाणित केलेली घ्या आणि गाळलेले पाणी पुन्हा तपासा. तळ्यावर हिरवट-निळा, रंग सांडल्यासारखा थर असेल तर ते पाणी उकळूनही पिऊ नका. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळे-हिरवे शेवाळ असते, आणि उकळल्याने त्याच्या पेशी फुटून विष आणखी मोकळे होते. जनावरांनाही तिथून लांब ठेवा.

जिवाणू निघाले तर तूर्त पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरपेक्षा उंचावर तीन मिनिटे उकळा. क्लोरीनने क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मरत नाही, उकळण्याने मरतो. विहिरीसाठी झटका-क्लोरीनीकरण करतात: लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल एवढे द्रावण घालून, सगळे नळ वास येईपर्यंत सोडून, बारा ते चोवीस तास पाणी थांबवून ठेवायचे, मग उपसून टाकायचे, तेही शोषखड्ड्यात किंवा ओढ्यात नव्हे. वास पूर्ण गेल्यावर आठवडाभराने एक चाचणी आणि पुढच्या मोठ्या पावसानंतर दुसरी करा. ई. कोलाय परत आला तर आणखी क्लोरीन ओतत बसू नका. केसिंग पाइप (बोअरचा बाहेरचा पाइप) जमिनीवर किती वर आहे, चौथऱ्याला तडे आहेत का, आणि शोषखड्डा चढाच्या बाजूला तर नाही ना, हे जाऊन पाहा.